दुधातले आयोडीन : विंडस्केलच्या किनाऱ्यावर पाच दिवस

पहिला दिवस : लँकेस्टर ते सीस्केल

लँकेस्टरहून निघालेली दोन डब्यांची गाडी आर्नसाइडच्या लांब पुलावर आली तेव्हा ओहोटी लागली होती. खाडीच्या ओल्या वाळूवर सकाळचे ऊन पडले होते, आणि पलीकडच्या उतारावर काळ्या-पांढऱ्या गाई अजून बाहेर चरत होत्या. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा चालू होता. इथल्या गाई थंडीत गोठ्यात बांधल्या जातात, पण ऑक्टोबरात त्या कुरणावरच असतात, ही साधी गोष्ट मला मुद्दाम पाहायची होती, कारण ज्या घटनेच्या मागावर मी निघाले होते तिच्यात सगळ्यात महत्त्वाचे पात्र ही कुरणावरची गाय होती.

सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत मी चौतीस वर्षे दूध तपासले. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), आम्लता, सोडा, युरिया, साखर, पाणी हे सगळे हाताखालून गेले. वास घेऊन दूध किती तासांपूर्वीचे आहे हे सांगता येण्याइतके ते काम अंगात मुरले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका प्रशिक्षण वर्गात व्याख्यात्यांनी सांगितले होते की १९५७ साली इंग्लंडात विंडस्केल इथल्या अणुभट्टीला आग लागून किरणोत्सर्गी आयोडीन पसरले, सुमारे ५०० चौरस किलोमीटर मुलखातले दूध फेकून द्यावे लागले आणि त्या दुधाला आपल्या कुठल्याही चाचणीत खोट निघाली नसती. फॅट बरोबर, वास बरोबर, उकळल्यावर फाटत नाही. ते वाक्य मी विसरले नाही. लेक लँकेस्टरला राहायला आली तेव्हाच मी तिला सांगून ठेवले होते की तुझ्याकडे आले की मला तो किनारा बघायचा आहे.

बॅरोला गाडी बदलल्यानंतर रूळ समुद्राला इतके चिकटून जातात की खिडकीतून खाली पाहिले तर भरतीची रेघ दिसते. डावीकडून येणारी छोटी छोटी स्थानके मी वहीत लिहून घेतली. काही ठिकाणी गाडी थांबवायची असेल तर गार्डला आधी सांगावे लागते. सीस्केलला उतरलो तेव्हा वारा एवढा होता की लेकीने माझा हात धरला. मुक्कामाच्या घरी आजीबाईंनी चहा दिला, आणि चहात दूध घालताना माझी नजर त्या भांड्यावर टिकून राहिली.

दुसरा दिवस : कुंपणाच्या बाहेरून

सीस्केलपासून उत्तरेला किनाऱ्याने तासाभराच्या आतच सेलाफील्ड या अणुकेंद्राचे कुंपण लागते. आत जायची परवानगी सामान्य प्रवाशाला नाही आणि मला तिची गरजही वाटली नाही, कारण मी ज्याचा माग काढत होते ते कुंपणाच्या आत राहिले नव्हते. विंडस्केल हे या जागेचे जुने नाव. अणुबाँबसाठी प्लुटोनियम तयार करायला इथे ग्रॅफाइटच्या दोन अणुभट्ट्या बांधल्या गेल्या आणि पहिली १९५० साली सुरू झाली. त्या थंड ठेवण्यासाठी पाणी नव्हते, नुसती हवा होती. पंख्यांनी हवा भट्टीतून ढकलायची आणि सव्वाशे मीटरच्या आसपास उंचीच्या चिमणीतून वर सोडून द्यायची, असा तो साधा आणि आज विचार करताना धडकी भरवणारा मार्ग होता. चिमण्यांच्या माथ्यावर गाळण्या बसवल्या त्या भौतिकशास्त्रज्ञ सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी हट्ट धरला म्हणून, तोही बांधकाम बरेच पुढे गेल्यावर. त्या वेळी पुष्कळांना तो नसता खर्च वाटला आणि 'कॉकक्रॉफ्टचा खुळेपणा' असे नाव त्याला पडले. माथ्यावरची ती गाळणीघरे आता उतरवलेली आहेत आणि चिमणीकडे पाहून हा इतिहास ओळखू येत नाही.

ग्रॅफाइटमध्ये साठलेली ऊर्जा मोकळी करण्यासाठी ७ ऑक्टोबर १९५७ ला पहिली भट्टी मुद्दाम तापवायला घेतली गेली. १० तारखेला आत आग लागल्याचे ध्यानात आले. टॉम टूही हे तिथले उपव्यवस्थापक भट्टीच्या माथ्यावर चढून झाकणातून आत बघत होते आणि आतले इंधन लाल होऊन धगधगत होते. कार्बन डायऑक्साइड सोडून पाहिला, उपयोग झाला नाही. ११ तारखेच्या सकाळी पाणी सोडले, हवा बंद केली आणि मग आग विझत गेली. पाण्याने स्फोट होईल ही भीती होती. तसे झाले नाही.

गाळण्यांनी धूलिकणांचा मोठा वाटा अडवला. आयोडीन मात्र वाफ होऊन जाते आणि वाफ त्या गाळणीतून बरीचशी निसटली. त्या वेळच्या हिशोबाप्रमाणे किरणोत्सर्गी आयोडीन-१३१, जुन्या मापात सुमारे २०,००० क्युरी, म्हणजे आजच्या मापात ७४० टेराबेकरेल, बाहेर पडले. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा आणखी वर नेला. वारा मुख्यतः आग्नेयेकडे वाहत होता. तो ढग इंग्लंड ओलांडून युरोपकडे गेला, पण जाताना या किनाऱ्याच्या गवतावर हात फिरवून गेला.

कुंपणालगतच्या पायवाटेवर मी बसले आणि हाताने गवत उपटून पाहिले. आखूड, दाट, ओलसर गवत होते. एक दुभती गाय दिवसाला पन्नास-साठ किलो हिरवा चारा खाते, आणि असा आखूड चारा मिळवायला ती केवढी जमीन चाटून पुसून काढत असेल, हे गाई पाळणाऱ्याला सांगावे लागत नाही. मोठ्या क्षेत्रावर विरळ पसरलेले आयोडीन ती एका पोटात गोळा करते. त्याचा काही भाग पुढच्याच धारेला दुधात उतरतो आणि दोन-तीन दिवसांत दुधातले प्रमाण सगळ्यात वर जाते. ते दूध लहान मूल पिते. मुलाची थायरॉईड ग्रंथी इवलीशी आणि आयोडीनला हपापलेली असते, त्यामुळे मोठ्या माणसाच्या मानाने तिथे किरणांचा कितीतरी जास्त मारा बसतो. गवत, गाय, दूध, मूल. या साखळीतली गाय ही जणू पर्यावरणाने लावलेली गाळणीच आहे, फक्त तिच्यात अडकलेला गाळ थेट बाळाच्या बाटलीत जातो.

तिसरा दिवस : गोठ्यावर

आजीबाईंच्या ओळखीने आतल्या बाजूच्या एका शेतावर जायला मिळाले. शेतकरी पंच्याहत्तरीच्या पुढचे होते आणि गोठ्याचा कारभार आता मुलाकडे आहे. दुपारची धार काढण्याची वेळ होती. यंत्र निघाल्यावर मुलगा प्रत्येक सडाला एका पेल्यातल्या तपकिरी द्रावात बुडवत होता. तो वास मी झोपेतही ओळखीन. आयोडीनच! दगडी, म्हणजे कासेला सूज, येऊ नये म्हणून सडाला लावायचे आयोडीन आपल्या गोठ्यांतही वापरतात. मी नकळत बोट पुढे केले, ते पिवळट तपकिरी झाले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच राहिले. हे साधे आयोडीन आणि भट्टीतून निघालेले आयोडीन रसायनाच्या दृष्टीने एकच आहे. गाईच्या शरीराला त्यांच्यातला फरक कळत नाही, म्हणून तर ते दुधात उतरते. फरक अणूच्या गाभ्यात आहे आणि तो ऐकायला वेगळे यंत्र लागते.

म्हातारबाबा त्या वेळी शाळकरी होते. शनिवारी रात्री उशिरा पोलीस दारात आले आणि वडिलांना म्हणाले की उद्याचे दूध द्यायचे नाही, एवढे त्यांना आठवत होते. १२ ऑक्टोबर १९५७ शनिवारच होता, हे मी नंतर पडताळले. आधी भट्टीजवळचे मोजके गोठे होते, पण १५ तारखेपर्यंत बंदी दक्षिणेकडे बॅरोच्या बाजूला पसरत गेली. "दूध द्यायचे नाही, पण धार तर काढावीच लागते," असे ते म्हणाले आणि पुढचे मला त्यांनी सांगण्याची गरज नव्हती. कास दगडासारखी होते, गाय पाय झाडते, ताप येतो. दिवसातून दोनदा धार काढायची आणि कॅन उचलून चरात उपडा करायचा. त्यांच्या आठवणीत सगळ्यात ठळक होता तो वास : चार दिवसांत चर आंबला, त्यावर पांढरट साय धरली, आणि आईने खिडक्या लावून घेतल्या. भरपाई मिळाली. तरी वडील त्या महिन्यात फारसे बोलले नाहीत, असे ते म्हणाले.

आपल्याकडे दर मिळत नाही म्हणून शेतकऱ्यांनी रस्त्यावर दूध ओतलेले मी पाहिले आहे आणि दोन्ही वेळी पोटात तोच गोळा येतो. पण तिथे दूध ओतणारा चिडलेला असतो आणि त्याला आपण काय करतो आहोत हे ठाऊक असते. इथे चांगल्या दिसणाऱ्या, चांगल्या लागणाऱ्या दुधाला कोणाच्या तरी आकड्यावर विश्वास ठेवून ओतायचे होते. तो आकडा कुठून आला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अशा अपघातासाठी दुधातल्या आयोडीनची मर्यादा तेव्हा कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नव्हती. ११ तारखेच्या संध्याकाळच्या दुधाचे नमुने गोळा केले गेले, त्यांत आयोडीन निघाले, आणि मग तज्ज्ञांनी बाळाच्या थायरॉईडला किती मारा चालेल याचा उलटा हिशोब मांडून एका दिवसाच्या आत मर्यादा ठरवली : लिटरला ०.१ मायक्रोक्युरी, म्हणजे सेकंदाला ३,७०० विघटने. प्रयोगशाळेत उभे राहून हातातल्या नमुन्यासाठी मोजपट्टीच त्याच वेळी तयार करायची, हे ज्याने आयुष्यभर छापील तक्त्यावरून दूध पास-नापास केले त्याला कल्पनेनेही घाम फोडणारे आहे. त्यांनी ते केले, आणि बंदी मुलांच्या पोटात पुष्कळ दूध जाण्याआधी लागली.

१९८६ मध्ये चेर्नोबिलला हीच साखळी तोडायला उशीर झाला. तिथे बाहेर पडलेले आयोडीन विंडस्केलच्या कितीतरी पट होते, हे खरे. तरी गावागावांतली मुले सुरुवातीचे दिवस घरच्या गाईचे दूध पीत राहिली, आणि त्या वेळी लहान असलेल्यांपैकी ६,००० हून अधिक जणांना पुढे थायरॉईडचा कर्करोग झाला. विंडस्केल वर्तमानपत्रात आले होते. दुधाचा धडा सगळ्या जगाला उघड होता.

आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, ८ दिवसांचे. गवतावर तर ते त्याहून लवकर, पाचेक दिवसांतच निम्मे होते, कारण पाऊस धुतो आणि नवे गवत वाढते. बंदी २३ नोव्हेंबरला पूर्ण उठली, म्हणजे आगीपासून ४४ दिवसांनी. एवढ्या काळात मूळ आयोडीनचा सुमारे पंचेचाळिसावा हिस्साच शिल्लक राहतो. ८० दिवसांनी हजारावा. हा हिशोब करताना माझ्या मनात दूधवाल्याचा विचार आला : त्या दुधाची पावडर केली असती, चीज केले असते आणि तीन महिने गोदामात ठेवले असते, तर त्यातले हे आयोडीन आपोआप संपले असते. शास्त्रानुसार ते बरोबर आहे. मी म्हातारबाबांना तसे म्हणाले. त्यांनी विचारले की ते चीज तुम्ही तुमच्या नातवाला दिले असते का. मी उत्तर द्यायला वेळ घेतला. दिले असते, मोजून पाहून. न मोजता नाही.

आजही परिसरातल्या गोठ्यांतले दूध तपासणीला जाते आणि त्याचे आकडे मासे, शिंपले, भाजी, शेवाळ यांच्या आकड्यांबरोबर दरवर्षी अहवालात छापले जातात. मी त्यांना तारापूरबद्दल सांगितले. तिथे १९६९ पासून अणुवीज केंद्र चालू आहे आणि परिसर मोजणारी वेगळी प्रयोगशाळा आहे. आपल्याकडे दुधाबरोबर बोकडाची थायरॉईड ग्रंथीही तपासतात. बोकड दिवसभर पाला ओरबाडत फिरतो, हवेतून पडलेले आयोडीन त्याच्या मानेत साठते, आणि खाटकाकडून ती ग्रंथी सहज मिळते. म्हातारबाबांना ही युक्ती फार आवडली. त्यांनी मुलाला हाक मारून पुन्हा ऐकवायला लावली.

चौथा दिवस : व्हाइटहेवन आणि सेंट बीस

सकाळी व्हाइटहेवनला गेलो. बंदरावरच्या बीकन संग्रहालयात सेलाफील्डसाठी दालन आहे. तिथे तासभर काढला, पण माझे लक्ष एका वेगळ्या गोष्टीत अडकले होते. चौकशीचे प्रमुख सर विल्यम पेनी यांचा अहवाल काही दिवसांतच तयार झाला होता, तरी पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन यांनी तो पूर्ण छापू दिला नाही, कारण अमेरिकेबरोबरचे अण्वस्त्र सहकार्य त्यांना बिघडू द्यायचे नव्हते. लोकांना सारांश मिळाला. पूर्ण अहवाल १९८८ साली खुला झाला. आयोडीनबरोबर पोलोनियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्यही बाहेर पडले होते, आणि लोकांवर त्याचा किती परिणाम झाला असेल याचा हिशोब जाहीरपणे मांडला गेला तो १९८३ मध्ये. दुधाच्या बाबतीत ज्यांनी एका रात्रीत खरे सांगितले त्याच व्यवस्थेने बाकीचे पाव शतक झाकून ठेवले, याचा मला मनापासून राग येतो. चरात दूध ओतणाऱ्या त्या वडिलांना सगळे कळण्याचा हक्क होता.

दुपारी सेंट बीसला उतरलो. लाल वालुकाश्माचे कडे, खाली दगडगोट्यांचा किनारा, आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांवर तपकिरी शेवाळाचा जाड थर. त्याच्या चामड्यासारख्या पट्ट्यांवर जोडीजोडीने हवेचे फुगे असतात, बोटाने दाबले की फटकन फुटतात. लेक लहानपणीसारखी ते फोडत बसली. आयोडीन हे मूलद्रव्य मुळात शेवाळातच सापडले : १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा यांना शेवाळाच्या राखेतून जांभळी वाफ निघताना दिसली. समुद्रातले विरळ आयोडीन वेचून साठवण्याची या वनस्पतीची ताकद अचाट आहे. गवतावर गाय जे करते तेच पाण्यात शेवाळ करते, म्हणून सागरी आयोडीनचा माग काढणारे या खडकांवरून ते कापून नेतात.

इथे शोधायचे आयोडीन मात्र वेगळे. वापरलेले अणुइंधन विरघळवून त्यातून प्लुटोनियम आणि युरेनियम काढताना आयोडीन-१२९ सुटते. सेलाफील्डहून किनाऱ्यापासून सुमारे दोन किलोमीटर आत गेलेल्या नळ्यांतून ते समुद्रात जात राहिले. फ्रान्सच्या ला हाग येथल्या अशाच कारखान्यातूनही जाते. इथली इंधन पुनर्प्रक्रिया २०२२ मध्ये थांबली, पण गेलेले आयोडीन परत येत नाही : त्याचे अर्धायुष्य १ कोटी ५७ लाख वर्षांचे आहे. अर्धायुष्य एवढे लांब म्हणजे त्याचे विघटन फार सावकाश, म्हणून किरणांचा माराही फार कमी. पण त्यामुळेच ते सापडायलाही अवघड. आयोडीन-१३१ शोधताना त्याच्या गॅमा किरणांची चमक मोजतात, आणि गंमत अशी की त्यासाठी वापरला जाणारा स्फटिक बहुधा सोडियम आयोडाइडचाच असतो. आयोडीन-१२९ साठी चमकेची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. वेगवर्धकात अणू पळवून, वजनाने वेगळे काढून, एकेक मोजावा लागतो.

हा माग आता समुद्रशास्त्रज्ञांच्या कामाला आला आहे. या किनाऱ्यावरून निघालेले पाणी स्कॉटलंडला वळसा घालून उत्तर समुद्रात जाते, तिथे ला हागच्या पाण्याला मिळते, नॉर्वेच्या किनाऱ्याने वर चढते आणि आर्क्टिकच्या बर्फाखाली शिरते. दरवर्षी किती आयोडीन सोडले याची नोंद कारखान्याकडे असते, त्यामुळे ध्रुवाजवळ काढलेल्या बाटलीभर पाण्यातले आयोडीन-१२९ मोजले की ते पाणी किती वर्षांपूर्वी इथून निघाले असेल, हे सांगता येते. नको असलेल्या गोष्टीचा एवढा चांगला उपयोग झालेला पाहून मला बरे वाटले. पण हातातल्या शेवाळाच्या पट्टीकडे पाहताना हेही टोचत राहिले की हा शिक्का पुसायला आपल्या हिशोबातला काळ पुरणार नाही. पट्टी मी खडकावर परत ठेवली.

पाचवा दिवस : परतीची गाडी

१५ ऑक्टोबर १९५७ च्या बंदीचा पट्टा किनाऱ्याने उत्तर-दक्षिण सुमारे ५० किलोमीटर लांब होता, म्हणून परतीची गाडी सीस्केलहून सुटल्यापासून बॅरोपर्यंत जवळजवळ सगळा वेळ त्याच पट्ट्यातून जाते. मी डाव्या खिडकीशी बसले. ड्रिग, रेव्हनग्लास, बूटल, सिलक्रॉफ्ट, मिलम. डोंगराच्या पायथ्याशी हेर्डविक मेंढ्या होत्या. चेर्नोबिलहून पावसाबरोबर आलेल्या किरणोत्सर्गी सीझियम-१३७ मुळे या जिल्ह्यातल्या काही कळपांवरचे निर्बंध २०१२ पर्यंत चालू होते, कारण सीझियमचे अर्धायुष्य ३० वर्षांचे आहे. मेंढ्या मी मोजल्या नाहीत. मी गाई मोजत होते. प्रत्येक कुरणाला वहीत एक रेघ आणि पुढे आकडा. एका ठिकाणी टँकर गोठ्याच्या दारात उभा होता आणि चालक नळीला तोंड जोडण्याआधी वाकून छोट्या बाटलीत नमुना भरत होता, अगदी आमचे चालक भरायचे तसा, आधी थोडे दूध सोडून देऊन.

अस्कमच्या पुढे लेक म्हणाली, "आई, आता पुरे, चहा थंड झाला." गाडी बॅरोत शिरेपर्यंत वहीत ४१२ गाई झाल्या होत्या, आणि त्यातली एकही गोठ्यात नव्हती.